चुलीचा कोळसा

नाथाजी हवालदारांनी पत्र तिसऱ्यांदा उलगडलं, कारण शेजारचा केरबा उशिरा आला होता. पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली, तरी ऐकायला कुणी असल्याशिवाय त्यांचा आवाज फुटत नसे. पत्र त्यांच्या मुलाचं, अर्जुनाचं. दीड वर्षापूर्वी तो पलटणीबरोबर इटलीच्या लढाईवर गेला होता.

"इकडे महागाई लय आहे," हवालदार ठसक्यात वाचू लागले. "अंडं इकडच्या नाण्यात पंधरा लिऱ्याला एक. दुधाला हात लावायची सोय नाही. चुलीचा कोळसा तर दर आठवड्याला चढतो. म्हणून यंदा मनिऑर्डर कमी पाठवतो. रागावू नये."

"आरारा," केरबा म्हणाला. "पोरानं लढाई करायची का बाजार?"

केरबाच्या मनात काही नव्हतं. तो पान खाऊन, हळहळून निघून गेला. पण दाराआड ज्वारी पाखडणाऱ्या सुनेच्या, रंगूबाईच्या, हातातलं सूप मघापासून थांबलं होतं.

लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षं ती सासऱ्यांच्या तोंडून एकच फुशारकी ऐकत आली होती. पलटणीत मिठाचा खडाही विकत घ्यावा लागत नाही, ताटात वाढून मिळतं. घरातल्या साखरेचं रेशन संपलं की ही फुशारकी हमखास निघायची.

ती पदर सावरून ओसरीवर आली.

"मामंजी, पल्टणीत शिधा बंद झाला का?"

"बंद कसा हुईल? सरकारचा हाय त्यो."

"मग कोळसा कशाला घेत्यात?"

हवालदारांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"तिकडं थंडी लय. शेकाया घेत आसंल."

"पत्रात चुलीचा लिवलाय. मी तीन येळा ऐकलं."

"येकेक अक्षर धरून बसू नगंस. जा, भाकरीचं बघ."

रंगूबाई हलली नाही. गेलं दीड वर्ष टपालवाला वळणावर दिसला की ती हातातलं काम टाकून दारात यायची. तार येईल, या एकाच गोष्टीला ती भ्यायची. नवरा तिकडे धडधाकट असेल, वेळेवर जेवत असेल आणि तरीही आपला नसेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिला अर्जुनाचा संताप आला. त्याहून जास्त समोरच्या म्हाताऱ्याचा आला, कारण त्यांना सगळं कळलं होतं आणि ते चष्मा पुसत होते.

सासूबाई, बनुबाई, भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी वळलेली वात बाजूला ठेवली.

"मागल्या लढाईत बसऱ्यासनं तुमचं बी आसंच पत्र आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी वाचलं. खजूर सवंग हाय आन् जळान म्हाग. आठ आण्याला मोळी."

हवालदारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पंचवीस वर्सं झाली त्याला," ते कसेबसे म्हणाले.

"व्हय. अजून ध्येनात हाय."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं नाही. त्या उठल्या, कोनाड्यातली दौत, टाक आणि कोरा कागद आणून नवऱ्यापुढे ठेवला आणि पुन्हा भिंतीला टेकून बसल्या.

"उद्या टपालवाला यायचा हाय," त्या म्हणाल्या. "उत्तर लिवा."

"काय लिवू?"

"मला काय इचारता? तिला इचारा."

रंगूबाई सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन बसली.

"कोळसा कुणाच्या चुलीला लागतो, येवढंच लिवा. बाकी खुशाली तुमच्या मनानं लिवा."

हवालदारांनी कोरा कागद मांडीवर घेतला. मग मान वर न करताच त्यांनी बायकोला विचारलं,

"तवा का न्हाई इचारलंस?"

"तवा लिवणारं घरात कुणी न्हवतं," बनुबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची वात वळायला घेतली.

नाथाजींनी टाक दौतीत बुडवला.