परिषदेचा वाटा

सन दोन हजार तेवीस. त्या वर्षी डिसेंबरात तोंडवलीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात ध्रुवप्रदेशांची परिषद भरली. उत्तर आणि दक्षिण ध्रुवावर सगळ्या देशांनी मिळूनमिसळून कसं वागावं, हे ठरवायला ही मंडळी दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे जमत. आधीच्या परिषदा थंड मुलखात झाल्या होत्या म्हणे. या खेपेला त्यांना ऊन हवं होतं.

सीताबाईला परिषदेचं सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव अडकला होता खोपीत. रिसॉर्टच्या कुंपणाला लागून, झावळांनी शाकारलेली ती खोप रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं ओढणाऱ्या गावकऱ्यांची होती. जाळं, दोर, होडी सगळं तिच्यातच राहायचं. पण ती जमीन रिसॉर्टवाल्या शेठने घेतलेल्या तुकड्यात गेली होती. खोप मोडली तर पावसाळ्यात जाळं कुठे न्यायचं, हे कोणाला सुचत नव्हतं. सीताबाईचा नवरा गंगाराम हयातभर रापणीचा म्होरक्या होता. तो गेल्यावर मुलगा सत्यवान पुढे झाला, पण मासे वाळूत मांडून वाटे घालायचं काम अजून सीताबाईच करी.

परिषदेची व्यवस्था दत्तप्रसादकडे होती. तो गंगारामच्या बहिणीचा मुलगा, मुंबईत समारंभ भरवायचा धंदा करणारा. परिषदेच्या आधी तो अंगणात येऊन बसला.

"मामी, पाव्हण्यांका रापणीचो दोर ओढूचो आसा. शेठ खूश झालो तर खोपीक हात लावचो नाय, असो शब्द दिल्यान."

"आणि खूश नाय झालो तर?"

"वाकडा बोला नको गो."

"मी सरळच इचारतंय. तोंड तुझा वाकडा झाला."

सत्यवान हसला, आणि ठरलं.

परिषद सुरू झाली त्या दिवशी बर्फाची गाडी गावात न थांबता रिसॉर्टात शिरली. दारातच लाद्या रचून बर्फाचा डोंगर केला होता, वर थर्माकोलचे पेंग्विन. डोंगर गळायला लागला की पुन्हा गाडी. होड्यांना बर्फ मिळेना. आत ध्रुवावरचं बर्फ वितळतं म्हणून भाषणं चालली होती आणि दारातलं पाणी गटारात जात होतं. सीताबाई कुंपणाशी उभी राहून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे वाळूत उतरले. रापणीची रीत जुनी. दोराला जो हात लावील त्याला वाटा, मग तो कोणी का असेना. गंगारामच्या वेळी एकदा पोस्टमन सायकल टाकून दोराला लागला होता. त्याचा वाटा टपालाच्या पिशवीतच घातला, आणि गावाच्या पत्रांना कितीतरी दिवस बांगड्यांचा वास येत होता. कोणी तक्रार केली नाही.

त्या सकाळीही बांगडाच लागला, जाळं भरून. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

"आये, ह्येंका पण वाटो?" सत्यवानाने हळूच विचारलं.

"हात लावल्यानी मां?"

"फोटोपुरतो."

"हात तो हात."

पाहुण्यांचे वाटे पडले तसे गावाचे निम्म्यावर आले. शेजारची हौसाबाई टोपली कमरेवर घेऊन म्हणाली, "सीते, आमच्या पोरांका आता पेंग्विन भाजून घालू?" पाहुण्यांचे मासे सीताबाईने धुवून रिसॉर्टच्या मुदपाकखान्यात पोचवले.

तिची सून रसिका त्या दिवसांत तिथेच कामाला होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली ती पायरीवरच बसली.

"आई, सगळे बांगडे मागे सुरूच्या बनात ओतले. पाव्हण्यांका परदेशातसून इमानान इल्लो मासो वाढलो. एक उंच म्हातारो तेवढो आत येवन आपले दोन भाजून घेवन गेलो."

सीताबाई बनात गेली. बांगड्यांचा ढीग पडला होता, पोटं फुटलेली, वर माश्यांचं घोंगावणं, त्यात कागदी बशा आणि उष्टे केक. कुत्र्यांनासुद्धा संपला नव्हता. नासलेले मासे तिने जन्मभर पाहिले होते, त्याची तिला कधी किळस आली नव्हती. आज आली. तिने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात नाकाला रुमाल धरून दत्तप्रसाद आला.

"मामी, शेठ रागावलो आसा. खोपीचो वास येता म्हणता."

"हो खोपीचो नाय. तुझ्या पाव्हण्यांच्या वाट्याचो."

"जांव दे ता. काल भाषणात अडाकले, त्येंका आज दोर ओढूचो आसा. एकदाच. मगे शेठ खोप लिवन देता."

एव्हाना सत्यवानही दोर खांद्यावर घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे रापणीतली माणसं. सगळी तिच्याकडे बघत होती. सीताबाईने खोपीकडे एकदा पाहून घेतलं.

"सत्यवाना, दोर गुंडाळ."

"मामी, खोप जायत."

"जांव दे."

"चार माशांपायी?"

"वाटो ओतून टाकतल्याच्या हातात मी दोर देवचंय नाय."

हौसाबाई पुढे झाली आणि दोराचं दुसरं टोक तिने स्वतःच उचललं.

मेमध्ये शेठने खोप मोडली. पुढे त्याने रिसॉर्टही विकलं. जाळं सीताबाईच्या पडवीत आलं, होडी हौसाबाईच्या परड्यात. आता दोघींच्याही घराला मासळीचा वास असतो आणि हौसाबाईला टोमण्यांना नवा विषय मिळाला आहे. रसिकाने रिसॉर्टचं काम सोडलं, ती मालवणात सुकी मासळी विकते. सत्यवानाची रापण पलीकडच्या वाळूत लागते, माणसं थोडी कमी झाली. दत्तप्रसाद चतुर्थीला येतो, चहा पिऊन जातो. मासे त्याला कोणी वाढत नाही. परिषद पुढच्या खेपेला दुसऱ्या देशात भरली, आणि तिच्या पुस्तिकेवर तोंडवलीच्या दोराला लागलेल्या हातांचा फोटो होता. उंच म्हाताऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही.

सीताबाई अजून वाटे घालते. अनोळखी माणूस दोराकडे आला की आधी ती त्याला विचारते, "वाटो दिलो तर खातलंस मां?" तो हो म्हणाला तरच दोर. गंगारामला हे कधी कोणाला विचारावं लागलं नव्हतं. प्रत्येक वेळी विचारताना तिचं तोंड कडू होतं.