अकरावी टोपली

वासुदेवराव रेल्वेतून निवृत्त झाले, पण वेळापत्रक काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. मसोलीच्या घराच्या मागच्या पडवीत ते गणपतीच्या मूर्ती घडवत, आणि भिंतीवर तक्ता टांगलेला असे: माती कधी मळायची, सोंड कोणत्या दिवशी, डोळे कोणत्या दिवशी. एकूण मूर्ती अकरा. दहा ओळखीच्या घरांसाठी आणि अकरावी स्वतःसाठी. "बाप्पाला प्लॅटफॉर्म नंबरही देऊन टाका एकदाचा," त्यांच्या पत्नी प्रभाताई म्हणत.

माती यायची तलासरीकडच्या डोंगरातल्या गावातून, बायजीच्या भातखाचरातली. बायजी साठीची, स्वतःच्या हिमतीवर भात-नागली पिकवणारी, आणि साहेबापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करणारी. स्टेशनातला माणूस म्हणून वासुदेवराव तिच्या लेखी मास्तर. उन्हाळ्यात ती मोजून अकरा टोपल्या माती द्यायची. बदल्यात काही घ्यायची नाही, अट मात्र होती. गणपती घरच्या बादलीत विसर्जन करायचा आणि विरघळलेली माती तिच्या बांधावर परत आणून ओतायची. "शेताची आहे, शेतात येऊ दे. दुसरं काय मिसळशील तर पुन्हा मागायला येऊ नको, मास्तर." सहा वर्षं हे चोख चाललं होतं.

सातव्या वर्षी पाऊस हटेना आणि मूर्ती सुकेनात. दहा कशाबशा तयार होऊन आपापल्या घरी गेल्या, पण हरतालिकेच्या दिवशीही घरच्या मूर्तीची सोंड ओलीच होती. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी डोळे काढायचे होते. वासुदेवरावांनी हॉलमधला उभा पंखा पडवीत आणला आणि मूर्तीसमोर लावला. माती सावलीत, सावकाश सुकू द्यावी हे ते स्वतःच येईल त्याला ऐकवत. दुपारी सोंडेला मुळाशी तडा गेला. त्यांनी तो लिंपला, पुन्हा पंखा लावला, आणि संध्याकाळी सोंड त्यांच्या हातातच आली.

मग ते छत्री घेऊन बाहेर पडले आणि प्लास्टरची छोटी पिशवी घेऊन आले. सहा वर्षं ज्याच्या नावाने त्यांनी बोटं मोडली होती, तेच प्लास्टर. पंधरा मिनिटांत सोंड तयार झाली. तिच्यावर मातीचा हात फिरवला, रंग दिला, डोळे काढले. आपल्याच घरची तर आहे, त्यांनी स्वतःची समजूत घातली.

चतुर्थीला सगळ्यांनी मूर्तीचं कौतुक केलं. "यंदा सोंड काय सुरेख उतरलीय!" प्रभाताई म्हणाल्या, आणि वासुदेवरावांनी हातातला मोदक तसाच ताटात ठेवला.

त्यांचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, अंगणातल्या बादलीत विसर्जन झालं. सकाळपर्यंत पोट, कान, उंदीर, सगळ्याचा चिखल झाला होता. उरलेली ढेकळं मोकळी करायला प्रभाताईंनी पाण्यात हात घातला, तो सोंड घेऊनच वर आला. अख्खी, पांढरीशुभ्र.

"अहो, ही का नाही विरघळली?"

वासुदेवरावांनी सांगून टाकलं. नोकरीत कधी खोटी सही न केलेला माणूस, शरमेने त्याला मान वर करवेना.

"गाळून टाकू," ते शेवटी म्हणाले. "बायजीला कुठे दिसणार आहे?"

"मला दिसली ना," प्रभाताई म्हणाल्या, आणि सोंड कट्ट्यावर ठेवून फुलं तोडायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात दहा घरांची माती गोळा झाली. वासुदेवरावांनी ती टेम्पोत चढवली, आपली बादली मात्र मागेच ठेवली आणि सोंड पिशवीत घातली. चारोटीला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली, पण ते टेम्पोतच बसून राहिले. बायजीने माती बंद केली तर? सकाळी लवकर उठावंसं वाटायला त्यांच्याकडे या मातीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. नुसत्या विचारानेच त्यांना भीती वाटली.

बांधावर माती ओतून झाली, तोवर बायजी मोजतच होती.

"दहाच घरांची कशी? अकरावी कुठं?"

वासुदेवरावांनी सोंड काढून तिच्या हातात दिली. पंख्यापासून पिशवीपर्यंत सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

बायजीने सोंडेवर नख वाजवून पाहिलं. "ही शेतात टाकली तर?"

"तशीच राहील."

"आमच्या भाताच्या कणगीच्या लिंपणाला तडा जातो तेव्हा ओलं फडकं टाकतो आणि थांबतो. तुला कसली घाई होती?" मग तिने सोंड त्यांच्या हातात परत दिली. "जितकी परत आली तितकीच जाईल. पुढल्या वर्षी दहा टोपल्या."

वासुदेवरावांना हायसं वाटलं. मूर्तीविना राहणारं अकरावं घर आपलंच, हे परतीच्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आलं. दहा घरांना तर शब्द दिलेला होता.

"मग आपण सुपारी मांडू," प्रभाताई एवढंच म्हणाल्या.

पुढच्या चतुर्थीला वासुदेवरावांच्या पाटावर तांदळाची रास होती, तिच्यावर सुपारी, आणि सुपारीवर दूर्वा. पडवीतला तक्ता उतरवलेला होता. शेजारच्या हर्षदा मॅडम शाळेत शिकवायच्या, त्यांच्याकडे वासुदेवरावांनीच घडवलेली मूर्ती बसली होती. त्या दर्शनाला आल्या आणि थबकल्याच.

"काका, कारागिराच्याच घरी सुपारी?"

वासुदेवरावांचं उत्तर महिनाभर आधीच ठरलं होतं: मागणी फार होती, आमची मूर्ती दुसऱ्यांना देऊन टाकली. ऐकायलाही बरं. प्रभाताई प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होत्या.

वासुदेवराव उठले. फळीवरची पांढरी सोंड त्यांनी काढली आणि हर्षदा मॅडमच्या हातावर ठेवली.

"गेल्या वर्षी मी बाप्पाला ही लावली होती," ते म्हणाले. "प्लास्टरची. कुणाला कळणार नाही असं वाटलं मला."

हर्षदा मॅडमनी सोंड उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग पुढल्या वर्षी?"

"बायजीला विचारावं लागेल," वासुदेवराव म्हणाले. प्रभाताईंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला, आणि यंदा तो त्यांनी चवीने खाल्ला.