फ्लॉवरच्या निरगाठी

फ्लॉवरचा गड्डा अंड्याएवढा झाला की भोवतीची पानं वर घेऊन दोऱ्याने बांधायची. गड्ड्याला ऊन लागलं तर तो पिवळा पडतो आणि उग्र लागतो. बांधल्यावर आठ-दहा दिवसांनी काढायचा. बाबा दर आठवड्याला वेगळा रंग वापरायचे. आधी लाल, मग निळा, मग पिवळा. कोणता गड्डा कधी काढायचा ते लांबूनच कळायचं. चाळीस वर्षं टेलरकाम केलेल्या माणसाच्या घरात रिळांना काय तोटा!

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपेक्षा बाबांचे दोरे भरवशाचे, असं मी दादाला फोनवर सांगितलं होतं. बाबांना घरी ठेवायचं की वृद्धांच्या निवासात, यावर आमचं महिनाभर चाललं होतं.

"घरात विसरतात," मी म्हणाले, "पण बागेत एक चूक नाही."

"ठीक आहे. पंधरा दिवसांनी येतो, बाग बघतो. मग ठरवू."

दुसऱ्याच दिवशी एका झाडावर मला तीन दोरे दिसले. लाल, त्यावर निळा, त्यावर परत लाल. शेजारच्या झाडाला एकही नाही, आणि गड्डा पिवळा. मी चोवीसही झाडं तपासली. काही दोनदा बांधलेली, काही तीनदा, नऊ तशीच उघडी.

दादाला कळवलं नाही. साडेपाचचा गजर लावला. अंगात दोन स्वेटर घालून बाबा उठायच्या आत जादाचे दोरे सोडायचे, राहिलेली झाडं बांधायची. पानांवरचं दव इतकं गार असे की बोटांना दोरा कळत नसे. मग अंघोळ, डबा, सातची पाळी. संध्याकाळी स्वयंपाक, बाबांच्या गोळ्या, कपडे. दुसऱ्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत एकाच नमुन्यात दोनदा रसायन घातलं. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे?" मी ती बाटली ओतून दिली आणि नवीन नमुना घेतला.

रविवारी दादा आला तो बूटही न काढता थेट बागेत. वाफे स्वच्छ, एका झाडाला एकच दोरा.

"अगं, झकास आहे की सगळं! तुझा फोनवरचा रडका आवाज ऐकून मला वाटलं, पार वाट लागलीय."

"मी रडका आवाज काढत नाही."

"बरं, शास्त्रज्ञबाई. दमलेला."

म्हणजे ठरलं. बाबा घरीच राहणार. आणि साडेपाचचा गजरही. हेच तर मला हवं होतं. मी पायरीवर बसले.

बाबा एका झाडापाशी उकिडवे बसले होते. "ही गाठ कोणाची?"

"तुमचीच की, बाबा," मी म्हणाले.

"माझी? ही निरगाठ आहे! मी सुरगाठ मारतो. टोक ओढलं की सुटली पाहिजे, पानाला धक्का नको. टेलरच्या घरात निरगाठ कोणी आणली?" ते पुढच्या झाडाकडे सरकले. "ही पण. ही पण तीच!"

"भूत येतं वाटतं तुमच्या बागेत," दादा हसला. मग त्याची नजर माझ्या बोटांवर गेली. दोऱ्याने कापलेली, हिरवट पडलेली. त्याचं हसू गेलं.

"यातल्या किती गाठी तुझ्या?"

"चोवीसपैकी सतरा."

"आणि मला म्हणालीस, एक चूक नाही."

"तेव्हा मला दिसली नव्हती."

बाबांनी खिशातली कात्री काढली होती. माझी गाठ कापायची, पानं सारखी करायची, आपली गाठ मारायची. हात जराही अडखळत नव्हते. तीन झाडं झाली. मग ते पहिल्या झाडाकडे परत आले, रिळाचं टोक शोधलं आणि त्यावर दुसरा दोरा गुंडाळू लागले.

 दादा पॅंट वर ओढून त्यांच्या शेजारी बसला.

"बाबा, हा झाला. आता हा."

"तू मला शिकव! आधी पानं धर. नीट धर, फाडशील."

दादाने पानं धरली.

नंतर नळावर हात धुताना तो म्हणाला, "निवासाचं आत्ता राहू दे. दर शुक्रवारी येतो, सोमवारी दुपारी निघेन. ऑफिसात बोलतो."

"तीन तासांचा प्रवास आहे, दादा."

"माहितीये. मीच करतो ना तो."

"मंगळवार ते गुरुवारचं काय?"

"सकाळपुरता माणूस बघू. तोवर होऊ दे थोडा फ्लॉवर पिवळा. तसाच खाऊ."

मी आत जाऊन आडवी झाले ती चारला उठले.

गजर बंद करायचा मात्र राहिला. सोमवारी साडेपाचला तो वाजला आणि मी उठून बसले. पाय चपला शोधत होते. बाहेरून दादाचा खोकला ऐकू आला, पाठोपाठ बाबांचा आवाज: "अरे, परत निरगाठ!"

मी पाय पांघरुणात ओढून घेतले.