वेंगुर्ल्याला आलेला पूर

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात दोनच प्रश्न पडतात. पुलाखाली पाणी किती फूट झालं, आणि सामान कधी उचलायचं. आमच्या गल्लीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाकडे मिळायची, आणि तो माणूस म्हणजे आमचे हे, विष्णुपंत.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ह्यांनी पुराचं खातं स्वतःकडे घेतलं होतं. श्रावणात छत्री घेऊन घाटावर जायचं, पाण्याचा रंग बघायचा, त्यावरून काय वाहत येतंय ते बघायचं, कोयनेतून किती सोडलं याची चौकशी करायची आणि घरी येऊन ओट्यावर उभं राहून निकाल द्यायचा. "उद्या दुपारपर्यंत थांबा," म्हणाले की गल्ली थांबायची. "उचला," म्हणाले की गल्ली उचलायची. टीव्हीवर कुणी काहीही सांगू दे.

एकोणीस सालच्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी पंख्याला लागलं. एकवीस साली पुन्हा आलं. दोन्ही वेळा गाळ काढून, भिंती धुऊन, गाद्या फेकून मी घर उभं केलं. मागच्या वर्षी सत्तरी ओलांडली तेव्हा मी ह्यांना सांगून टाकलं, "आता माझ्याच्यानं होणार नाही. आपला निमिष पुण्याला त्याच्या घरी बोलावतोय, पण सातव्या मजल्यावर बसून मी काय करू? मला समुद्राकाठी एखाद्या लहानशा गावात राहायचंय."

"पाण्याला कंटाळून समुद्राकाठी जाणारी तू पहिलीच बाई," हे म्हणाले.

"समुद्र घरात येत नाही."

समुद्राचं वेड माझ्या डोक्यात माहेरी वाईला असल्यापासूनचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांनी आम्हाला एसटीनं हर्णैला नेलं होतं. येताना मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत समुद्र भरून आणला, मधल्या आळीतल्या मैत्रिणींना निळं पाणी दाखवायचं म्हणून. घरी येऊन बघते तर बाटलीतलं पाणी पांढरं. "हे कृष्णेचंच आहे," एक म्हणाली. चाखून बघ म्हटलं, तर म्हणे मीठ घातलंयस. त्या दिवशी मी ठरवलं की समुद्र आणता येत नसेल तर आपणच तिकडं जायचं. पुढं लग्न झालं, सांगली आली, पोरं-बाळं, सासू-सासरे, हळदी-कुंकवं, पूर. समुद्र राहूनच गेला.

मग आम्ही गावं बघायला निघालो. गुहागर बघितलं. "दुपारी सगळं गाव झोपतं, माणूस मेलं तरी चारनंतर कळेल," हे म्हणाले. देवगड बघितलं. "चढ फार आहेत." हर्णैला पुन्हा गेलो, तर रविवारच्या पुण्याच्या गाड्यांनी रस्ता दिसेना. प्रत्येक ठिकाणी हे बाजारात जाऊन आधी वांगी हातात घेऊन बघायचे, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांवर वाढलेला माणूस जसं तोंड करेल तसं तोंड करून ती परत ठेवायचे.

वेंगुर्लं मला आवडलं. वाचनालय होतं, बाजार चालत जाण्याइतका जवळ, टेकडीवरून समुद्र दिसायचा. मी ह्यांना म्हटलं, "मे महिना राहून बघू. तुम्ही नको म्हणालात तर पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही."

"नक्की?"

"कृष्णामाईची शपथ."

"तीच कुठं मर्यादेत राहते? मग काढशीलच," हे म्हणाले. पण शब्द दिला गेला होता, आणि मी शब्द फिरवत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

मंगल केरकर या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या घराचा खालचा अर्धा भाग आम्ही घेतला. उरलेल्या अर्ध्यात त्या एकट्या राहायच्या. वर माडी रिकामी. पुढं रस्ता, मागं परस, आणि परसाच्या गडग्यापलीकडं, म्हणजे दगडी कुंपणापलीकडं, खाडी. मंगलताई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, अंगानं दणकट. आमच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. राग आला किंवा हसू आलं की मात्र मालवणी सुरू.

मी सुखात होते. सकाळी किनाऱ्यावर जायचं, वाळूत बसायचं, येताना वाचनालयातून पुस्तक. ह्यांचं मात्र काही जमेना. खाडीकडं पाठ करून हे दिवसभर पुढच्या पडवीत बसायचे, रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून. माणसं दिसायची. हसायचीसुद्धा. आणि पुढं जायची.

"इथं मला कुणी काही विचारत नाही," एक दिवस हे म्हणाले.

"काय विचारायला हवं?"

"काहीही."

मी पुस्तक मिटलं. सांगलीत ह्यांना भाजी आणायला गेलं तरी तास लागायचा. हा माणूस इथं राहणार नाही हे मला तेव्हाच कळून चुकलं. समुद्र पुन्हा एकदा हातातून जाणार होता.

मग वैशाखी पौर्णिमा आली. दुपारची जेवणं झाली, मंगलताई पलीकडे आडव्या झाल्या, मीही पाठ टेकली. हे पंचा वाळत घालायला म्हणून परसात गेले, आणि दोनच मिनिटांत आत धावत आले.

"शरयू! ऊठ! पाणी वर निघालंय!"

"कुठं वर?"

"डोंगराकडं! उलटं वाहतंय! आणि चढतंय!"

मी मागच्या दारात गेले. खरंच, एरवी चिखलात रुतलेल्या होड्या आता गडग्याच्या उंचीला तरंगत होत्या. गडग्याच्या फटींतून पाणी आत आलं होतं आणि कडेच्या माडाच्या बुंध्याशी चमकत होतं. नदीसारखी नदी, आणि उगमाकडं निघालेली. ह्यांनी आयुष्यभर कृष्णा बघितली होती. पाणी पुढं सरकत नाही, मागं दाबतं आणि चढतं, याचा सांगलीच्या माणसाला एकच अर्थ माहीत. खाली कुठंतरी धरणाची दारं बंद आहेत आणि त्याचा फुगवटा मागं येतोय. फुगवटा हा आमच्याकडं चहाच्या दुकानातसुद्धा तावातावानं बोलायचा विषय.

"फुगवटा आहे," हे म्हणाले. "तासाभरात घरात येईल. उचला!"

आता भरती-ओहोटी मला शाळेत शिकवली होती. रोज किनाऱ्यावर मी ती बघतही होते. पण "उचला" हा शब्द कानावर पडला की माझे हात डोक्याला विचारत नाहीत. मी पदर खोचला. आधी तांदळाचा डबा, मग ज्वारीचं पीठ, मग कपड्यांची बॅग. ह्यांनी गॅसची शेगडी सोडवली. सगळं माडीवर.

"मंगलताईंना उठवा," मी म्हटलं.

"उठवून घाबरवायचं कशाला? आधी त्यांचं सामान वर टाकू. एकटी बाई आहे."

मंगलताईंनी पुढच्या अंगणात आमसुलं वाळत घातली होती. कोकमाची सालं रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात टाकायची असतात. त्यांच्या ओल्या सुपांना हात लावला की माणूस लाल. ह्यांनी सगळी सुपं एकेक करून जिन्यानं वर नेली. लाकडं नेली. शेवटी हे खुराड्याशी आले. जन्मात अंडं न शिवलेला माणूस, पण पुरात जीव बघायचा, जात बघायची नाही, हा ह्यांचा नियम. खुराडं दोन्ही हातांनी छातीशी धरून, आतल्या कोंबड्यांच्या कलकलाटात हे जिना चढायला लागले, आणि त्या आवाजानं मंगलताई जाग्या झाल्या.

बाहेर येऊन त्यांनी काय बघावं? बनियनभर लाल डाग पडलेला एक म्हातारा त्यांच्या कोंबड्या घेऊन वर पळतोय.

"मेल्या, कोण रे तो?" हातात झाडू घेऊन त्या ओरडल्या. मग ओळख पटली. "अगो बाय! काका? ह्या काय चल्लाहा? खंय लागला तुमका?" डाग त्यांना रक्ताचे वाटले होते.

"पूर आलाय!" हे वरून ओरडले. "तुम्ही आधी वर व्हा! सामान मी बघतो!"

"पूर? खंयचो पूर?"

मी परसाकडे बोट दाखवलं. मंगलताईंनी जाऊन बघितलं. परत आल्या, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि झाडू पोटाशी धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो, आज पुनव! भरती ती! आता जातली परत आपसूक!"

शेजारची माणसं गोळा झाली. कुणी माडीवरून सुपं उतरवू लागलं, कुणी नुसतंच हसू लागलं. आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी माडाच्या बुंध्यापासून सरकलं, गडग्याबाहेर गेलं आणि निमूटपणे समुद्राकडे वळलं. हे कमरेवर हात ठेवून ते बघत राहिले. मग आत आले, बनियन बदललं आणि म्हणाले, "सकाळची गाडी. बॅग तशी वरच बांधलेली आहे."

शब्द माझा होता. शेगडी जोडायलाही माझा हात उचलेना.

संध्याकाळी हे पडवीत बसले होते ते केवळ आत उकडत होतं म्हणून. रस्त्यावरून जाणारे एक छत्रीवाले आजोबा थांबले. "काका, उद्या पाणी कितीवर येईल हो?"

ह्यांनी मान फिरवली. पाठोपाठ सायकलवरून एक बाप्या आला. "काका, आमचा सामान काढू की ठेवू?" त्याच्यामागून दोन बायका खास बघायलाच आल्या होत्या. बातमी बाजारापर्यंत पोचली होती.

तिसऱ्या की चौथ्या चेष्टेला ह्यांचा तोल सुटला. "हसताय? तुमचं पाणी तासात परत जातं. आमचं आठ-आठ दिवस मुक्काम करतं! एकोणीस साली आमच्या पंख्याला पाणी लागलं होतं, पंख्याला!"

"पंख्याक?" छत्रीवाले आजोबा पायरीवर टेकले. "म्हणजे घरातल्या?"

"मग काय रस्त्यातल्या? बसा, सांगतो."

आजोबा बसले. सायकलवाल्यानं सायकल गडग्याला टेकवली. हे सांगायला लागले. होड्या गल्लीतून कशा फिरल्या, दुसऱ्या मजल्यावरून दोरीनं दूध कसं घेतलं, मारुतीच्या देवळाच्या कळसावर माकड कसं बसून राहिलं होतं. समुद्राकाठची ही माणसं, पण पाणी घरात येऊन राहतं हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मंगलताईंनी सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं आणि म्हणाल्या, "ह्याच आमसुलांचं आहे. काकांनी उन्हाच्या जवळ नेऊन वाळवलीत." ह्यांनासुद्धा हसू आलं. पडवी रिकामी होईपर्यंत जेवणाची वेळ टळली.

सकाळची गाडी चुकली. हे झोपून राहिले होते, आणि मी उठवलं नाही.

त्यानंतर ह्यांनी पडवीतली खुर्ची मागं परसात नेली. गेरू आणून गडग्यावर रेघा मारल्या. ओहोटी, भरती, चंद्राची कला, वारा कुठला, सगळं बघायचं आणि संध्याकाळी छत्रीवाल्या आजोबांशी वाद घालायचा. आजोबांना हे सगळं जन्मापासून माहीत, त्यामुळं वादात रोज आजोबाच जिंकायचे. पण हरायलासुद्धा माणूस लागतंच की. बाजारात कोळणी ह्यांना "पूरवाले काका" म्हणून हाक मारायच्या, आणि मासे न घेणाऱ्या या गिऱ्हाइकाला कुठली वांगी बरी ते सांगायच्या.

मला आशा वाटायला लागली होती. तेवढ्यात महिनाअखेरीला आमच्या गल्लीतल्या धैर्यशीलचा फोन आला. हा कडेगावकडचा. आमच्या समोर राहतो, फौजेतून निवृत्त झालेला. तो इतक्या मोठ्यानं बोलतो की फोन ह्यांच्या कानाला असूनही मला सगळं ऐकू येत होतं.

"आवं काका, कवा येताय? जून लागतोय!"

"बघू," हे म्हणाले.

"बघू काय? परवा वळवाचा पाऊस लय झाला, तर गल्लीतल्या राजेश्वरीकाकूनं पीठ-मीठ घेऊन माळा गाठला. म्हटलं, उतरा, नुसता वळीव हाय. न्हाई म्हणत्यात. विष्णुपंत सांगंस्तवर उतरणार न्हाई म्हणत्यात!"

"मी फोन करतो त्यांना."

"फोननं काय हुतंय? तुमी ओट्यावर उभं ऱ्हायल्याबिगर गल्लीला खरं वाटत न्हाई."

फोन ठेवून हे गडग्यावरच्या गेरूच्या रेघा मोजत बसले. मी शेंगा सोलत शेजारी बसले. माझ्या लक्षात आलं होतं. आता हे नाही म्हणणार, आणि मला शपथ पाळावी लागणार.

"शरयू," शेवटी हे म्हणाले, "कोजागिरी ते मे इथं राहिलं तर?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि पावसाळ्यात?"

"सांगली. चार महिने. गल्लीला कोण सांगणार, कधी उचलायचं ते?"

"म्हणजे पुराला कंटाळून मी घर सोडायचं, आणि बरोबर पुराच्या मुहूर्तावर परत यायचं?"

"तसंच काहीतरी."

"लोक येड्यात काढतील."

"इथं काढून झालंय. तिथं काढू दे."

मी हसायला लागले. साठ-बासष्ट वर्षं वाट पाहिलेला समुद्र मला आठ महिने मिळत होता, आणि वर चार महिन्यांसाठी माझा नवरा होता तसाच राहत होता. याहून जास्त मागायचं म्हणजे अतीच झालं असतं.

"एक अट," मी म्हटलं. "यंदापासून मी काही उचलणार नाही. माडीवर खुर्ची टाकून बसणार."

"बस. वरून हुकूम सोड."

"ते तर मी नेहमीच सोडते."

पलीकडून मंगलताई सगळं ऐकत होत्या. गडग्यावर आमसुलांचं सूप टेकवत त्या म्हणाल्या, "कोजागिरीक येवा तर. पण काका, येताना माझ्या कोंबड्यांना सांगून या. तुम्ही दिसलात की त्या अजून जिन्याकडे पळतात."