हॉर्सफॉलचं फाटक

रॉडरिक टेट सभेत उभा राहिला की भल्याभल्यांना घाम फुटायचा. क्वीन्सलँडच्या या माळावर मेंढ्यांचा पहिला कळप आणला त्यानं, नगरसभा उभी केली त्यानं, आणि आज दवाखानाही तोच मंजूर करून घेणार होता. तो कळपामागे लांब असताना त्याची बायको इसोबेल डॉक्टरकडे नेताना वाटेतच गेली होती. दुसऱ्या कुणाची तशी जायला नको, एवढाच त्याचा हट्ट.

पारडं एकाच मतानं त्याच्याकडे झुकलेलं. बरोबरी झाली की ठराव फेटाळला, आणि मतदान तीनच्या ठोक्याला म्हणजे तीनलाच. हे नियमही त्याचेच. समोर सायलस हॉर्सफॉल, कर वाढेल म्हणून दवाखान्याच्या मुळावर उठलेला.

"बोल की रे, घसा बसला काय?" हॉर्सफॉलनं डिवचलं.

सकाळी हॉर्सफॉलच्या कुरणातून येताना टेट भाषण घोकत होता, आणि त्या नादात त्यानं उघडं फाटक लावून घेतलं होतं. आत्ता आठवलं! उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद ठेवायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. मेंढ्यांचं पाणी फाटकापलीकडे, बाहेर ऊन नुसतं आग ओकतंय, आणि गावातले झाडून सगळे गडी लोकर कातरायला गेलेले. पाठवायचं कुणाला? तीनपर्यंत थांबलं तर मेंढ्या वाचायच्या नाहीत, आणि आत्ता गेलं तर तीनला परतणं नाही.

"सायलस, तुझं फाटक मी लावून आलोय," तो म्हणाला. "निघतो मी."

इसोबेल त्याच्या डोळ्यांपुढून गेली; पण मुकी जनावरं तडफडू देणारा टेट नव्हे. त्यानं टोपी उचलली.

"गाढवा! उभा जन्म मेंढ्यांत गेला, आणि फाटक कळेना तुला?" हॉर्सफॉल उठला. "थांब, मीही येतो."

"अरे, तुझं मत?"

"मेंढ्या माझ्या की तुझ्या?"

एक इकडचा गेला, एक तिकडचा गेला. पारडं होतं तिथंच राहिलं, एका मतानं दवाखान्याकडे झुकलेलं.

फाटक उघडताच कळप धुरळा उडवत पाण्यावर तुटून पडला. टेटनं श्वास सोडला.

"बसून राहिला असतास तर जिंकला असतास, सायलस."

"गप रे." हॉर्सफॉल घोड्याची मान थोपटत राहिला. "इसोबेलची गाडी इथनंच गेली होती. फाटक मीच उघडलं होतं. तिनं पाणी मागितलं, पाजलं मी. 'अजून किती लांब?' म्हणाली. मी म्हटलं, आलंच."

टेट फाटकाला धरून ढसाढसा रडला. जाताना फाटक मात्र त्यानं उघडंच ठेवलं.