सतराव्या ओळीतली रेघ

मी चौथीच्या वर्गाचा हजेरीपट बोलतोय. मला डोळे नाहीत, कान तेवढे आहेत, म्हणून स्वभाव जरा चौकस झालाय. छत्तीस मुलांची नावं माझ्या पोटात आहेत, पण एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. उभी रेघ पडली की मूल आलं, 'गै' पडला की गैरहजर. एवढ्यावरून मी अंदाज बांधत बसतो. नववी ओळ दर सोमवारीच का गायब असते? मला कोण सांगणार!

आमच्या वर्गशिक्षिका, म्हणजे मोठ्या बाई, नाव घेऊन थांबायच्या. 'केस कापलेस वाटतं,' असं काहीबाही म्हणायच्या आणि मग रेघ ओढायच्या. छत्तीस नावांना सात मिनिटं. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

मग महिनाभरासाठी मोठ्या बाईंच्या हाताखाली नव्या बाई आल्या. त्या अजून शिक्षिका व्हायचं शिकत होत्या. मोठी मेहनती पोरगी. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गाला शिकवायची, बाकांना प्रश्न विचारायची आणि उत्तरंही आपणच द्यायची.

त्यांच्या परीक्षेच्या पाठाचा दिवस उजाडला. कॉलेजचे परीक्षक मागच्या बाकावर बसणार आणि त्या पस्तीस मिनिटांवर पास-नापास ठरणार. हजेरीत वेळ जायला नको म्हणून बाईंनी शिक्षकांच्या खोलीतच मला उघडलं आणि छत्तीस रेघा सरसर ओढून टाकल्या. काल सगळे आले होते, आज कुठे जाताहेत, असं पुटपुटल्याही. रेघा सरळ होत्या, मीही खूश झालो.

पाठ रंगात आला आणि घंटा सलग वाजू लागली. जिन्याखालच्या खोलीत वायर जळून धूर झाला होता. अशा वेळी मुलांना मैदानात न्यायचं आणि माझ्यावरून मोजायचं, असा शाळेचा नियम. नव्या बाईंनी मोजली, पस्तीस भरली. पुन्हा मोजली, तरी पस्तीसच. मोठ्या बाईंनी नावं पुकारली. सतराव्या नावाला ओ आली नाही.

पोर आतच राहिली, असं म्हणत शिपाईकाका धुरात शिरलेसुद्धा.

"सकाळी आली होती ना ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

परीक्षक शेजारीच उभे होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर निभावलं असतं.

"माहीत नाही, बाई," नव्या बाई म्हणाल्या. "मी पाहिलंच नाही. रेघा आधीच ओढल्या होत्या."

मी सांगतो ते खरंच असतं, अशी माझी घमेंड होती, ती तिथेच उतरली. मुलांना विचारलं, तर कोणी म्हणे आली होती, कोणी म्हणे कालच पाहिली. शेवटी तिच्या आईला फोन लागला. पोरगी तापानं फणफणून घरी झोपली होती.

काकांना हाका मारमारून बाहेर बोलावलं. ते खोकत खोकत आले. बाकांखाली, कपाटांमागे, सगळीकडे शोधत होते बिचारे. नव्या बाई रडत माफी मागू लागल्या. काकांनी मला मागून घेतलं आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, उद्या परत अशी रेघ दिसली, तर मी परत आत जाणार. तेव्हा बघून ओढत जा."

परीक्षकांनी काय शेरा दिला, हे मला आजवर कळलेलं नाही. तो दुसऱ्या वहीत लिहिला गेला, आणि ती वही भारी मिटल्या तोंडाची आहे.

चौथ्या दिवशी सतरावी आली. नाव घेतलं गेलं, 'हजर' ऐकू आलं, पेन माझ्यावर टेकलं, पण रेघ काही पडेना. मी वाट पाहत राहिलो. नव्या बाई तिच्याकडे बघत असाव्यात.

आता वर्ष संपलंय आणि मी कपाटात निघालोय. माझ्या जागी नवा, कोरा हजेरीपट येईल. त्यात पहिली रेघ ओढणाऱ्या बाईंना किंवा गुरुजींना माझं एकच मागणं आहे. आधी मान वर करा. तुमच्या त्या रेघेवर विश्वास ठेवून कोणीतरी धुरात शिरणार असतं.