शनिवारची गैरहजेरी

"शनिवारी मी होतो, बाई. चादरींच्या घड्या घालत होतो. मुकादमांना विचारा," ड्रायव्हर म्हणाला.

प्रोबेशनच्या बाईंनी नुसता कागद त्याच्यापुढे सरकवला. 'गैरहजर' असं मुकादमांच्याच अक्षरात लिहिलं होतं. इस्पितळाच्या लाँड्रीचे मुकादम शेजारच्याच खुर्चीत स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते.

ड्रायव्हरनं भर बसमध्ये एका प्रवाशाला मारलं होतं. कोर्टानं तुरुंगाऐवजी लाँड्रीत दीडशे तासांचं काम दिलं. दांडी मारली तर तुरुंग. पहिल्या दिवशी मुकादमांना वाटलं, ही ब्याद नेमकी आपल्याच गळ्यात. पण मोठ्या चादरीची घडी एकट्यानं धड पडत नाही. एका टोकाला मुकादम, दुसऱ्या टोकाला तो. झटकायचं, दुमडायचं, चालत समोरासमोर यायचं. ड्रायव्हर बसमधल्या गमती सांगे. बायको गेल्यापासून मुकादम घरी रेडिओशीच भांडत. इथे ते चक्क हसायला लागले.

तास संपत आले तसे ते उरलेले शनिवार मोजू लागले. शेवटच्या शनिवारी सही करताना हात भलतंच लिहून गेला. चार तास कमी भरले की माणूस आणखी एकदा येईल, एवढंच त्यांच्या मनात होतं. कोर्टाची अट त्यांनी कधी वाचलीच नव्हती.

"तो आला होता," मुकादम म्हणाले. "मी खोटं लिहिलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि कशासाठी, म्हणून विचारलं. दोघांत काही वाकडं होतं का? मुकादमांनी नकारार्थी मान हलवली. साठीच्या माणसानं हे परक्या बाईसमोर कबूल करायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"घडी घालायला कोणी नसतं," ते म्हणाले. तेवढं पुरेसं नाही हे त्यांनाच कळलं. "मला एकट्याला करमत नाही."

बाईंनी 'गैरहजर' खोडलं, त्याखाली मुकादमांची सही घेतली. यापुढे तुमच्याकडे कोणाला पाठवता येणार नाही, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. सांगताना त्यांनाही वाईट वाटलं.

बाहेर जिन्यापाशी ड्रायव्हर थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काका, मी आत गेलो असतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "नुसतं ये म्हणाला असतात, तर सुट्टीच्या दिवशी आलो असतो."

एक पायरी उतरून त्यानं मागं वळून मुकादमांकडे बघितलं. आता कुठल्या तोंडानं ये म्हणायचं, हे मुकादमांना कळेना. शेवटी ड्रायव्हर जिना उतरून गेला.